फुसफुस आणि फळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत उभं राहावं. यंत्रांची धडधड थांबते आणि वरच्या हवेच्या पाइपातून बारीक फुसफुस ऐकू येते. माझ्या काकांनी अशाच एका फौंड्रीत मोल्डिंगवर 22 वर्षं काढली. जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात, हे मला त्यांनीच दाखवलं. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं भोक राहिलं तर तेवढ्यापायी हवा दाबून भरणारा कंप्रेसर जवळपास 3 किलोवॉट जादा ओढतो. दोन शिफ्टचे 16 तास धरा. रोजचे 48 युनिट निव्वळ हवेत जातात.

पर्यावरण व्यवस्थापन म्हणजे मुळात हाच हिशेब. आत वीज, पाणी, भंगार, साच्यांसाठी वाळू, बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची पूड किती आली. बाहेर कास्टिंग म्हणजे ओतलेले भाग, धूळ, धूर आणि जळून काळी पडलेली वाळू किती गेली. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 500 ते 700 युनिट लागतात. एवढा फरक का? गंजकं, माती लागलेलं भंगार, उघडं राहिलेलं झाकण, साचे तयार नाहीत म्हणून भट्टीत तसाच तापत ठेवलेला रस. रोज लिहून ठेवलं तरच हे सापडतं.

'आयएसओ 14001' हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक 1996 साली आलं. ते घ्यायची सक्ती नाही. कायदा पाळायचा, उद्दिष्टं आपली आपण ठरवायची, मोजायचं, चुकलं ते सुधारायचं, असं ते सांगतं आणि बाहेरचा ऑडिटर येऊन ते तपासतो. पण धूर किती असावा याचा आकडा त्यात नाही. तेच प्रमाणपत्र लावलेल्या दोन कारखान्यांत एकाचा धूर दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. प्रमाणपत्र पाहून हुरळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं.

युरोपीय संघाची 'एमास' ही पर्यावरण व्यवस्थापनाची योजना मला म्हणूनच जास्त पटते. 1995 पासून ती कारखान्यांना खुली झाली, 2001 पासून हॉस्पिटल, कॉलेज, नगरपालिका अशा सगळ्यांना. तीही ऐच्छिकच. मात्र नोंदणी हवी तर ऊर्जा, साहित्य, पाणी, कचरा, जमिनीचा वापर आणि उत्सर्जन यांचे आकडे स्वतंत्र तपासनीसाकडून पडताळून जाहीर करावे लागतात. कामगारांना सामील करून घेणं हीसुद्धा अट आहे. काकांना कुठला जॉइंट गळतो ते ठाऊक होतं. त्यांना विचारायला कधी कुणी आलं नाही.

आपल्याकडे प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या उद्योगांना 1993 पासून दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत 'फॉर्म 5' हे पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडे द्यावं लागतं. म्हणजे आकडे लिहिले जातातच, फक्त ते फायलीत जातात. इकडे शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याला पूर आला की वडगाव-शहापूर शिवारातलं भात पाण्याखाली जातं. शहराच्या सांडपाण्यात कोण किती भर घालतो, हे त्या शेतकऱ्याला वाचता आलं पाहिजे. कारखान्याच्या, हॉस्पिटलच्या, मंगल कार्यालयाच्या गेटवर एक फळा लावा: यंदा पाणी किती घेतलं, किती सोडलं, कसं सोडलं. कन्नडमध्ये लिहा आणि मराठीतही.