हरवलेल्या वाद्यांची मापे

क्रमहॉर्न आणि सर्पंट ही फुंकून वाजवायची वाद्ये, पियानोसारख्या पट्ट्या असलेला क्लाव्हिकॉर्ड अशी वापरातून गेलेली युरोपीय वाद्ये फावल्या वेळात घडवणारे हौशी कारागीर आज अनेक देशांत आढळतात. त्यांच्या छंदाची मुळे लाकडात जेवढी आहेत तेवढीच कागदातही आहेत, कारण कित्येक वाद्यांच्या बाबतीत मागे उरले ते चित्र आणि मापच. 1440 च्या सुमारास बर्गंडीच्या दरबारातील आंरी आर्नो याने ल्यूट या तंतुवाद्याचा आकार कंपासने कसा आखावा हे आपल्या हस्तलिखितात दाखवले होते. जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियुसने 1620 मध्ये छापलेल्या वाद्यचित्रांसोबत तर फुटांची मोजपट्टीच दिली. पुढच्या कारागिरांवर हे मोठेच उपकार झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नल्ड डोल्मेच यांनी लंडनमध्ये जुन्या वाद्यांची दुरुस्ती करता करता 1893 मध्ये ल्यूट आणि पुढच्याच वर्षी क्लाव्हिकॉर्ड तयार केला. 1919 मध्ये वॉटर्लू स्थानकावर त्यांचा अठराव्या शतकातील रेकॉर्डर (बासरीसारखे एक वाद्य) असलेली पिशवी राहून गेली. आधी टिपून ठेवलेल्या मापांवरून त्यांनी नवा रेकॉर्डर घडवायला घेतला आणि या वाद्याच्या आधुनिक निर्मितीला त्यातूनच चालना मिळाली.

क्लाव्हिकॉर्ड हौशी माणसाच्या हाताला जमण्याजोगे वाद्य आहे, कारण त्याची यंत्रणा अगदी साधी असते. पट्टीच्या मागच्या टोकाला बसवलेली पितळी पाती तारेवर आदळते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तिला टेकूनच राहते, त्यामुळे बोटाचा दाब किंचित बदलला तरी सूर थरथरतो. तारेचा उरलेला भाग गुंजू नये म्हणून तारांमधून कापडाची पट्टी विणलेली असते. आवाज मात्र इतका नाजूक की शेजारच्या खोलीत पोचला तर नशीब.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या कारखान्यांना सुधारणेचा मोह आवरला नाही. पट्टी दाबताच तार छेडणाऱ्या हार्पसिकॉर्डला पियानोसारखे जड अंग मिळाले, काहींनी लोखंडी चौकटही बसवली आणि तबलीचा, म्हणजे तारांखालच्या पातळ फळीचा, मोकळेपणा हरवला. जुन्या वाद्यातली ही तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते आणि सगळा नाद तिच्याच कंपनातून उमटतो. 1949 मध्ये बोस्टनला कारखाना काढणारे फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड संग्रहालयांतली वाद्ये मोजून जुन्या रचनेकडे वळले. तेव्हा कुठे कळले की जुन्या कारागिरांचे फारसे काही चुकलेले नव्हते.

छंद घरोघरी पोचवला तो सुट्या भागांच्या संचांनी. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या वोल्फगांग झुकरमान यांनी हार्पसिकॉर्डचा असा संच विकायला काढला आणि त्यात वाद्याची वळणदार बाजू चक्क सरळ करून टाकली, कारण लाकूड वाकवणे हेच नवशिक्याला सर्वांत जड जाते. जाणकारांनी नाके मुरडली, पण अनेकांनी आयुष्यातले पहिले वाद्य त्याच सरळ बाजूच्या पेटीत जुळवले.