अमेरिकन मुलं मराठी शिकायला पुण्यात कशी आली

१९६९ साली अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या छोट्या कॉलेजांच्या एका संघानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यात भारताविषयीचा अभ्यासक्रम सुरू केला. संघाचं नाव 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट', पण पुण्यात सगळे नुसतं 'एसीएम' म्हणत. कार्लटन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, बेलॉइट अशी त्यातली कॉलेजं, आणि मुलं पदवीच्या मधल्या वर्षांतली, विशीच्या आसपासची. त्यांनी दिल्ली किंवा बनारस निवडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी पुणं निवडलं आणि सोबत मराठी घेतली. राहायचं मराठी कुटुंबात, रोज मराठीच्या तासाला बसायचं आणि शेवटी स्वतः निवडलेल्या विषयावर गावात हिंडून एक अभ्यासप्रकल्प करायचा, अशी ही बांधणी होती. परदेशी मुलांच्या गटाला शिकवणं हे पुण्यात एक वेगळं, कसबाचं काम झालं ते या बांधणीमुळे. पण तिच्यामागे बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यात गव्हाचाही वाटा आहे.

परक्यांना मराठी शिकवणं तसं आपल्याकडे जुनंच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, तेही ओवीत. इतकी मराठी त्याला कुणीतरी शिकवलीच असणार. कोणी शिकवली, त्याची नोंद मात्र नाही. पुढे कलकत्त्यात कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी फोर्ट विल्यम कॉलेज निघालं आणि तिथे विल्यम केरी या मिशनऱ्याकडे मराठी शिकवण्याचं काम आलं. त्यानं १८०५ मध्ये व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते, कारण साहेबाला कचेरीत वाचावी लागणारी कागदपत्रं मोडीत असत. या सगळ्या कामात त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. म्हणजे मराठीतली अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं मराठी माणसासाठी निघालेलीच नाहीत, ती परक्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं होती. ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात ओझरती येते. माझ्या मते तिला जास्त जागा मिळायला हवी.

मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती याच परंपरेतली. पण तेव्हाची शिकवणी म्हणजे एक साहेब आणि एक शास्त्री. साहेबाला निकाल लिहायचा असे, सारा वसूल करायचा असे किंवा धर्मोपदेश करायचा असे. वीस वर्षांच्या मुलांचा अख्खा गट केवळ शिकण्यासाठी येऊन राहील, ही कल्पना त्या काळात कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

ती कल्पना अमेरिकेत रुजली १९२३ साली. डेलावेअर विद्यापीठातला रेमंड कर्कब्राइड हा तरुण प्राध्यापक आठ विद्यार्थी घेऊन बोटीनं फ्रान्सला गेला. पदवीचं तिसरं वर्ष परदेशात घालवायचं आणि परत आल्यावर ते आपल्या विद्यापीठात धरलं जायचं, ही पद्धत तिथून सुरू झाली. दोनच वर्षांनी स्मिथ कॉलेजच्या मुली पॅरिसला गेल्या. पण पुढची अनेक वर्षं परदेश म्हणजे युरोप, आणि भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. आशियाला त्यात जागा नव्हती.

जागा झाली ती युद्धामुळे आणि भीतीमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला आपल्या लोकांना जगातल्या भाषा येत नाहीत हे जाणवलं. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यात गणित-विज्ञानाबरोबर परदेशी भाषांच्या शिक्षणासाठीही पैसा होता, आणि हिंदी-उर्दूच्या मागोमाग मराठीलाही त्याचा लाभ झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग त्याआधीच उभारला होता. ब्राउन यांचं बालपण मध्य प्रांतात गेलेलं, वडील मिशनरी. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था काढली आणि तिचं भारतातलं पहिलं ठाणं पुण्यात, येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात ठेवलं.

डेक्कन कॉलेज निवडण्यामागे कारण होतं. १९३९ पासून तिथे संशोधन संस्था चालू होती, आणि पन्नाशीच्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं भाषाशास्त्राची उन्हाळी शिबिरं तिथे भरली होती. त्यातून भारतीय भाषाशास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली. जिवंत, बोलली जाणारी भाषा टिपायची कशी आणि परक्याला ती टप्प्याटप्प्यानं द्यायची कशी, याचा विचार करणारी माणसं पुण्यात होती. भांडारकर संस्था, पुणे विद्यापीठ आणि जुनी दप्तरं सांभाळणारं भारत इतिहास संशोधक मंडळही जवळच.

आता गव्हाकडे येऊ. १९५४ च्या 'पीएल-४८०' कायद्याखाली अमेरिका भारताला धान्य देई आणि त्याची किंमत रुपयांत घेई. रेशनच्या रांगेत मिळणारा तो अमेरिकन गहू आणि ती लाल मिलो ज्वारी आपल्याकडच्या एका पिढीला चांगलीच आठवते. भाकरी थापली जात नाही म्हणून आयाबाया तिच्या नावानं बोटं मोडत. पण हे रुपये अमेरिकेला बाहेर नेता येत नव्हते, ते भारतातच खर्च व्हायला हवे होते. त्यांतला काही भाग संशोधकांच्या शिष्यवृत्त्यांवर आणि भाषाशिक्षणावर गेला. काही भागातून १९६२ पासून भारतीय भाषांतली नवी पुस्तकं अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी विकत घेतली गेली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात न मिळणारी मराठी कादंबरी शिकागोत सापडते, ती या व्यवस्थेमुळे. मराठी शिकवण्याची पहिली आधुनिक साधनंही याच काळातली. नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचं बोली मराठीचं पाठ्यपुस्तक १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातून निघालं.

एसीएमचा पहिला गट आला तोवर पुण्यात ही सगळी सिद्धता झालेली होती. तरी संस्था आणि पैसा यांनी वर्ग उभा राहत नाही, माणसं लागतात. त्यांतल्या दोघींबद्दल सविस्तर लिहायला हवं.

एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली, ती १९६९ मध्येच. त्याच वर्षी त्या कार्लटन कॉलेजात शिकवायला लागल्या आणि १९९७ पर्यंत तिथे होत्या. पुण्याच्या या अभ्यासक्रमाशी त्यांचं नातं जवळचं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मुलांना ठेवून घेणारी घरं बहुतेक पांढरपेशा वस्तीतली असत आणि त्या घरांतून दिसणारा महाराष्ट्र एका चौकटीतला असे. संतांपासून दलित साहित्यापर्यंत पसरलेलं झेलियट यांचं काम ज्यांनी आधी वाचलं होतं, त्या मुलांना डेक्कन जिमखान्यापलीकडे काय आहे हे शोधायची दिशा मिळालेली असे.

दुसऱ्या मॅक्सीन बर्नसन. १९६१ मध्ये त्या भारतात आल्या आणि पुढे फलटणच्या बोलीवर संशोधन करायला फलटणला राहिल्या. त्यांचा प्रबंध १९७३ चा. एकाच गावात जात, शिक्षण, वय यांप्रमाणे मराठी कशी बदलते हे त्यांनी तपासलं. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणकरांच्या त्या मॅक्सीनमावशी. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी संदर्भ-व्याकरण लिहिलं, ते १९७५ मध्ये निघालं. मग कोश आणि पाठ्यपुस्तकं. या पुस्तकांत भाजीवाली बोलते, पोस्टमन बोलतो, शेजारीण साखर मागायला येते. केरीच्या विद्यार्थ्याला लागणारी सरकारी मराठी आणि ही मराठी यांत दीडशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे, आणि ते पानापानावर दिसतं.

अशा वर्गात शिकवताना नेमकं काय करावं लागतं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आपल्या मुलांना आपण मराठी शिकवतो तेव्हा ती बोलू लागलेली असतात, आपण फक्त लिहायला-वाचायला शिकवतो. इथे उलटं. 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा, 'जीव' आणि 'जाळं' यांतला ज वेगळा, पण अक्षर एकच. मग आधी कानाला सवय लावायची आणि अक्षर नंतर द्यायचं. 'घर' म्हटल्यावर लगेच 'घरात', 'घराला', 'घराचा' तालावर म्हणून घ्यायचं, कारण सामान्यरूप समजावत बसलं तर विद्यार्थी अडखळतो आणि तोंडात बसलं तर बोलू लागतो. 'मी पोहे खाल्ले' आणि 'मी भाकरी खाल्ली' यांत क्रियापद पोह्यांच्या आणि भाकरीच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही, हे इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात पटतच नाही. अशा वेळी बाई फळ्याकडे न वळता डबा उघडतात. पोळी, भात, भाजी, लोणचं समोर ठेवून प्रत्येकाला 'काल काय खाल्लंस' विचारायचं आणि पुन्हा पुन्हा विचारत राहायचं. आठवड्याभरात रूपं आपोआप जुळतात.

दुपारी तास संपला की दुसरा वर्ग घरी सुरू होई. त्याची फी नसे आणि त्याला वेळापत्रकही नसे. 'काकू, मी चाललो' म्हणून मुलगा पायात चपला घालू लागला की काकू त्याला तिथेच थांबवत: 'चाललो नाही, येतो म्हणायचं.' आजोबांना 'तू' म्हटल्यावर घरभर पसरलेली शांतता व्याकरणाच्या दहा पानांचं काम करी. अडचणीही याच घरांत येत. सोवळं-ओवळं, रात्री किती वाजता परतायचं, मुलीला भेटायला मित्र येतो त्याचं काय, मांसाहार कुठे करायचा. हे सोडवायला अभ्यासक्रमाच्या संचालकांना घरोघरी जाऊन बसावं लागे. शिकवण्याच्या कामात हे मी पूर्ण धरतो. गटाला शिकवणाऱ्याला भाषेइतकीच या सगळ्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि यजमान कुटुंबातल्या बायकांनी त्यातला मोठा वाटा उचलला. त्यांची नावं कुठल्या अहवालात येत नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांचा दुसरा ओघही वाढत होता. हे आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, मॉरिशसहून पूर्ण पदवीसाठी आलेले विद्यार्थी. त्यांच्यामागे कुठलं अमेरिकन कॉलेज नव्हतं की कुणी संचालक. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एका मुलीला खिडकीतून खोलीत डबा देताना पाहिलं. आत कावीळ झालेला मॉरिशसचा मुलगा होता आणि त्याची विचारपूस करणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. त्या प्रसंगातून १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झालं, तेही आधी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सांस्कृतिक केंद्र म्हणून. अमेरिकन गटांना जे घर आयतं मिळत होतं, ते इतरांना मिळावं यासाठी वेगळी संस्था काढावी लागली, हा फरक लक्षात ठेवावा असा आहे.

१९७१ च्या युद्धानं भारत-अमेरिका संबंध बिघडले आणि अमेरिकन अभ्यासकांकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला परत दिला. गव्हाच्या पैशावरचा काळ त्यानंतर ओसरत गेला. ब्राउन यांच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटचं मुख्य कार्यालय पुण्याहून दिल्लीच्या बाजूला गेलं, पण तिचे मराठीचे वर्ग पुण्यातच राहिले. एसीएमची मुलंही येत राहिली. पुढच्या काळात त्यांचे वर्ग टिळक महाराष्ट्र विद्यापीठात भरत.

खरा बदल आला तो उदारीकरणानंतर. विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण, विकास हे विषय हवे झाले, आणि ते इंग्रजीतून शिकता येतात. वर्षाची मुदत सेमिस्टरवर आली आणि सेमिस्टरची काही आठवड्यांवर. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, फेब्रुवारी २०१० मध्ये कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला; दोन्ही वेळा अमेरिकेतल्या पालकांच्या मनात पुण्याविषयी प्रश्न उभे राहिले असणार. अमेरिकन सरकारनं २००६ मध्ये महत्त्वाच्या भाषांसाठी नवी उन्हाळी शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात हिंदी, उर्दू, बांगला, पंजाबी आल्या, मराठी आली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा, शिकवायची साधनं तयार, शिकवणारे तयार, आणि तरी यादीत नाव नाही. २०२० च्या मार्चमध्ये तर जगभरातले सगळेच गट घाईघाईनं घरी परतले.

या साऱ्यातून जमलेलं शहाणपण मात्र वाया गेलेलं नाही. बर्नसन यांनी फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली आणि मुलांना वाचायला शिकवण्याची नवी पद्धत बसवली. सगळी मुळाक्षरं ओळीनं घोकून न घेता थोडीच अक्षरं द्यायची, त्यांतून लगेच शब्द आणि वाक्यं करायची, आणि मूल घरी जी मराठी बोलतं तिला चूक न म्हणता पुढे जायचं. परदेशी प्रौढांना शिकवताना आणि फलटणची बोली ऐकताना तयार झालेला कान या पद्धतीमागे आहे.

पुण्यातल्या वर्गात अलीकडे आणखी एक विद्यार्थी दिसतो: न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी घरातली मुलगी. तिला आजीचं फोनवरचं सगळं समजतं, 'भूक लागली', 'नको', 'बस झालं' सहज तोंडी येतं, पण वाक्य लांबलं की इंग्रजी शिरते आणि देवनागरी वाचता येत नाही. तिच्या शेजारी बसलेल्या मिनेसोटाच्या मुलाला बाराखडी पाठ आहे, पण रिक्षावाल्याचं एक वाक्य कळत नाही. दोघांना एका पुस्तकातून एका गतीनं नेता येत नाही. म्हणून तास विभागला जातो: पहिला अर्धा भाग तिनं वाचायचा, त्यानं ऐकायचं; दुसऱ्या भागात ती त्याला मंडईत घेऊन जाते, भाव तो विचारतो, आणि त्याला काय उत्तर मिळालं ते ती परत येऊन वहीत मराठीत लिहिते.