मोटारीतील वातानुकूलन (कोकण किनारा)

मोटारीतील वातानुकूलन : मोटारीच्या आतील हवेचे तापमान, तिच्यातील ओल, तिचा वेग आणि दिशा यांवर ताबा ठेवणारी व्यवस्था. बोलण्यात हिला सरसकट ‘एसी’ म्हणतात आणि तिच्यातील गरम हवेच्या भागाला ‘हीटर’. कोकण किनाऱ्यावर या व्यवस्थेचे पहिले काम हवा कोरडी करण्याचे आहे; गारवा त्यामागून येतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, रत्नागिरीत तो त्याच महिन्यात बहुधा ३३ अंशांच्या आसपास असतो. तरीही रत्नागिरीत सकाळी नऊ वाजताच सदरा पाठीला चिकटतो, कारण हवेतच इतके बाष्प असते की घाम वाळत नाही. पावसाळ्यात तर काचेतून रस्ता दिसणे-न दिसणे या व्यवस्थेवर अवलंबून असते. कोकणात गाडी चालवणाऱ्याने ही बटणे गिअर आणि ब्रेकइतक्याच आपुलकीने समजून घ्यावीत.

पूर्वपीठिका : अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची हवा गाळून, तापवून आत घेणारी व्यवस्था आणली. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मोटारींसाठी कारखान्यातच बसवलेले शीतयंत्र देऊ केले. त्याचा मोठा भाग डिकीत असे आणि गारवा बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, यंत्र फिरवणारा पट्टा काढून ठेवावा लागे. ठरवलेले तापमान आपोआप राखणारी यंत्रणा कॅडिलॅकने १९६४ मध्ये आणली. हवेतील उष्णता ओढून घेण्यासाठी या यंत्रात आरंभी वापरात असलेला आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरला. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट असल्याने आता आर-१२३४वायएफ हा वायू वापरात येत आहे. गॅरेजमध्ये या सगळ्यांना ‘गॅस’ एवढेच नाव आहे.

कार्य : इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेने निवून तो द्रवरूप होतो. पुढे एका बारीक झडपेतून सुटल्यावर त्याचा दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो भोवतालच्या हवेतील उष्णता ओढून घेतो. ब्लोअरचा पंखा याच कॉइलवरून हवा आत ढकलतो. कॉइलचे तापमान शून्याच्या थोडेच वर राहील अशी योजना असते; त्याखाली गेले तर तिच्यावर बर्फ धरून हवेची वाट बंद होईल.

किनाऱ्यावरच्या माणसाला महत्त्वाची गोष्ट इथे घडते. दमट हवा त्या गार कॉइलवर आदळली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन गळते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. मे महिन्यात दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहत इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्या पाहाव्यात: प्रत्येकीच्या पोटाखाली पाण्याचे छोटे थारोळे असते. गाडी गळते म्हणून नवा मालक घाबरतो, पण ते स्वच्छ पाणी म्हणजे यंत्र नीट चालल्याची खूण आहे. एक लिटर पाणी असे हवेतून काढायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढावी लागते. त्यामुळे तोच एसी सोलापुरात झपाट्याने गार करतो आणि मालवणात रेंगाळतो. यंत्रात खोट नसते. त्याची ताकद पाणी काढण्यात खर्च होत असते.

कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरची छोटी कॉइल असते. तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी खेळते. निळ्या-तांबड्या पट्टीचा गोल खटका फिरवला की आतले एक झाकण सरकते आणि कमी-जास्त हवा या गरम कॉइलवरून जाते. हवा आधी गार होते आणि मग तापते, हा क्रम ध्यानात ठेवावा. एसी चालू ठेवून खटका तांबड्याकडे नेला तर हवा आधी पाणी टाकून देते, मग ऊबदार होऊन बाहेर येते. ‘एसी आणि हीटर एकदम कसे लावायचे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. अशी ऊबदार, कोरडी हवा पावसाळी कोकणात सोन्यासारखी आहे. वीजमोटारीत इंजिनाचे गरम पाणी नसते. तिथे ऊब विजेवर तयार करावी लागते आणि तेवढी बॅटरी खर्च होते.

खुणा : बटणांवरची चित्रे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असतात, म्हणून गाडी बदलली तरी ती ओळखता येतात. हिमकण म्हणजे काँप्रेसर चालू. पंख्याचे चित्र म्हणजे ब्लोअरचा वेग. बसलेला माणूस आणि बाण म्हणजे हवा तोंडावर, पायांवर की दोन्हीकडे. वर रुंद, खाली अरुंद अशा वक्र काचेवर वळणारे बाण म्हणजे पुढची काच. चौकोनावरचे तसेच बाण म्हणजे मागची काच, जिच्यातल्या बारीक तारा विजेने तापतात. मोटारीच्या आकृतीत वळलेला बाण म्हणजे आतलीच हवा फिरवणे, आणि बाहेरून आत शिरणारा बाण म्हणजे ताजी हवा घेणे. स्वयंचलित यंत्रणेत २४ अंश लावून सोडून द्यावे. १८ लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. काँप्रेसर आधीच पूर्ण जोराने चाललेला असतो.

उन्हात उभ्या गाडीत शिरल्यावर लगेच काचा बंद करू नयेत. तिच्या आतली हवा बाहेरच्याहून कितीतरी तापलेली असते. आधी दारे थोडा वेळ उघडी ठेवून, मग ती लावून काचा खाली घेऊन मिनिटभर गाडी चालवली की ती तापलेली हवा निघून जाते. मग काचा वर, एसी चालू, आतली हवा फिरती. बंद गाडीत मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ सोडून दर्शनाला किंवा काजू घ्यायला जाऊ नये. गणपतीपुळ्याच्या वाहनतळावरचे ऊन दोन मिनिटे थांबत नाही.

काच धुरकटणे : कोकणातल्या चालकाला या व्यवस्थेची खरी गरज इथे पडते. जुलैची संध्याकाळ, परशुराम घाट, गाडीत पाच माणसे. दोन भिजलेल्या छत्र्या पायाशी, मागच्या सीटवर ओली इरली काढून ठेवलेली, सगळ्यांचे श्वास आणि ओले कपडे. पावसाने पुढची काच बाहेरून गार केलेली असते. आतल्या हवेतले बाष्प त्या गार काचेवर बसते आणि दोन वळणांत रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी हात आपोआप फडक्याकडे जातो. पुसल्याने काच क्षणभर साफ होते, तेलकट ओरखडे राहतात आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या ओरखड्यांवर फुटतात. एस.टी.चे जुने चालक काचेवर बाहेरून तंबाखू चोळत, म्हणजे पावसाचे थेंब न थांबता पाणी सरकून जाई. पण त्या उपायाने आतली वाफ जात नाही.

आतल्या वाफेसाठी आधी फिरत्या हवेचे बटण बंद करून बाहेरची ताजी हवा घ्यावी, कारण आतली हवा फिरत राहिली आणि काँप्रेसर बंद असला तर श्वासाचे पाणी जायला वाटच नसते. मग हिमकण चालू, हवेचा रोख काचेवर, ब्लोअर जोरात आणि तापमानाचा खटका मध्यापासून थोडा तांबड्याकडे. अनेक गाड्यांत पुढच्या काचेचे बटण दाबले की काँप्रेसर आणि ताजी हवा आपोआप चालू होतात. काच खालून वर उजळत जाते. मागच्या काचेचे बटणही त्याच वेळी दाबावे. बहुतेक गाड्यांत ते काही मिनिटांनी आपले आपण बंद होते, तेव्हा गरज असेल तर पुन्हा दाबावे लागते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे आणि किनाऱ्यावर नव्या चालकाला तो फार गोंधळवतो. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊ लागते तो बिंदू, साधारण २५ अंशांवर येतो. आतून बर्फासारखी हवा काचेवर मारून ती २२ अंशांवर आणली की बाहेरचेच बाष्प काचेच्या बाहेरच्या अंगावर बसते. आंबोलीहून एसी लावून सावंतवाडीकडे उतरणाऱ्या गाडीला हा अनुभव घाट संपता संपता येतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. तिथून थंड झालेली काच घेऊन गाडी खालच्या उबदार, ओल्या हवेत शिरते आणि समोर एकाएकी पांढरा पडदा पडतो. चालक घाबरून एसी आणखी वाढवतो आणि पडदा दाट होतो. इथे उपाय उलटा करावा: वायपर एकदा फिरवावा, हवेचा रोख काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे न्यावा आणि तापमान दोन-तीन अंश वाढवावे.

वाफ आतली की बाहेरची हे ओळखायला बोट पुरते. काचेवर आतून रेघ ओढावी. रेघ उमटली तर पाणी आत आहे. बोट नुसते गार लागून रेघ उमटली नाही तर ते बाहेर आहे. अर्थात हे गाडी उभी करून किंवा शेजारी बसलेल्याने करायचे काम आहे. काहीच दिसेनासे झाले तर इंडिकेटर देऊन रस्त्याच्या कडेला, वळण सोडून थांबावे.

आतली हवा, बाहेरची हवा : आतली हवा फिरवली की गारवा लवकर येतो, कारण तीच ती कोरडी झालेली हवा पुन्हा कॉइलवर जाते. कशेडीच्या बोगद्यात, महामार्गाच्या कामाच्या धुळीत, धूर ओकणाऱ्या डंपरमागे किंवा हर्णैला मासळी वाळत घातलेल्या रस्त्यावरून जाताना ही सोय वापरावीच. मात्र गाडी भरलेली असेल आणि तासन्‌तास तीच हवा फिरली तर कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत काही हजारांवर जाते आणि डोळे जड होतात. गणपतीत मुंबईहून रात्री निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांत मागची सगळी मंडळी झोपलेली असतात आणि एकटा चालक जागा असतो. त्याच्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाने ताजी हवा घेणे आवश्यक आहे. कोंडीत थांबून झोप काढायची असेल तर इंजिन बंद करूनच काढावी. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपल्यास धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही.

आणखी एक बारकावा. फिरती हवा ओढून घेण्याचे तोंड बहुतेक गाड्यांत डाव्या सीटच्या पायांपाशी, डॅशबोर्डातल्या कप्प्यामागे (ग्लोव्ह बॉक्स) असते. सुक्या बांगड्यांची पिशवी तिथे ठेवली तर तिचा वास थेट कॉइलवरच्या ओलीत जाऊन बसतो आणि आठवडाभर उतरत नाही. पिशवी डिकीत ठेवावी. समुद्रावरून आल्यावर ओले टॉवेल आणि वाळूच्या चपलाही तिथे टाकू नयेत.

घाट आणि पाणी : काँप्रेसर इंजिनाची ताकद घेतो. भरलेली लहान गाडी आंबा किंवा फोंडा घाट चढत असेल आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करावा. त्याने भागले नाही तर हीटर पूर्ण तांबड्यावर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावून काचा उघडाव्यात. गरम हवेने जीव नकोसा होतो, पण इंजिनाची उष्णता त्या छोट्या कॉइलमधून बाहेर पडते आणि सुरक्षित जागा गाठता येते. तिथे थांबल्यावर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. पुराच्या पाण्यात गाडी घालूच नये. वाशिष्ठी आणि जगबुडी काय करतात हे चिपळूण-खेडने पाहिले आहे. रस्त्यावरच्या उथळ पाण्यातून जाणे अटळच असेल तर आधी एसी बंद करावा, नाहीतर पुढचा पंखा पाण्यात फिरून पाती मोडतात आणि पाणी इंजिनाकडे उडते.

देखभाल : खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना पांढरी भुकटी धरते आणि कालांतराने बारीक छिद्रे पडून गॅस जातो. समुद्राकाठी राहणाऱ्याने पंधरवड्याने पुढच्या जाळीतून साध्या, कमी दाबाच्या गोड्या पाण्याने तो धुवावा. धुलाई केंद्रातल्या जोराच्या फवाऱ्याने पाती आडवी होतात. गॅस दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती शोधून घ्यावी, नुसती भर घालू नये. मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटे आधी काँप्रेसर बंद करून ब्लोअर ताज्या हवेवर चालू ठेवला की कॉइल सुकते आणि बुरशीचा कुबट वास धरत नाही.

आगोटीपूर्वी, म्हणजे मेअखेर, बॉनेट उघडून वायपरच्या मुळाशी असलेली जाळी पाहावी. सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्यांच्या या जाळीत सुरूच्या काड्यांचा गच्च थर सापडतो. अंगणात लावणाऱ्यांच्या जाळीत आंब्याची आणि फणसाची कुजकी पाने. बाहेरची हवा इथूनच आत जाते आणि पावसाचे पाणीही इथूनच बाहेर वाहते. वाट तुंबली तर हवा कमी येते, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर भिजतो आणि पाणी आत उतरते. हाताने काड्या उपसून एक तांब्या पाणी ओतावे आणि ते चाकामागून खाली पडते का ते पाहावे. नंतर एसी दहा मिनिटे चालवून गाडीखाली ठिबकते का तेही पाहावे. ठिबकत नसेल आणि डाव्या सीटखालचे कार्पेट ओले लागत असेल तर कॉइलची नळी तुंबली आहे. ती साफ करून घेतल्याशिवाय पावसाळ्यात बाहेर पडू नये, कारण त्या कार्पेटातले पाणीच पुढे काचेवर येऊन बसते.