हिपॅटायटिस बी प्रतिबंध : बेळगाव सीमाभागातील परिचर्या विद्यार्थिनींचे ज्ञान व आचरण

हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणुजन्य आजार. रक्त, वीर्य आणि शरीरातील इतर स्रावांतून तो पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो आणि रुग्णालयात वापरलेल्या सुईतून कर्मचाऱ्याच्या अंगात शिरतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांतील मुली बेळगावात (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जी.एन.एम. (नर्सिंग व प्रसूतिसेवेची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग शिकायला येतात. त्यांचे पुस्तक इंग्रजीत असते, तर खाटेवरचा रुग्ण कधी मराठी, कधी कन्नड, कधी उर्दू बोलतो.

ज्ञानातील पहिला घोळ भाषेपाशीच होतो. घरी ‘कावीळ’ किंवा ‘कामीण’ एवढा एकच शब्द असतो आणि त्यासोबत उकळलेले पाणी, तेल-तिखटाचे पथ्य, गावठी औषध, गळ्यातली माळ असा सगळा संसार येतो. कावीळ हे लक्षण आहे. हिपॅटायटिसचे ए आणि ई प्रकार दूषित पाण्यातून व अन्नातून येतात; बी पाण्यातून येत नाही, त्यामुळे पाणी कितीही उकळले तरी तो टळत नाही. शिवाय बी झालेल्या अनेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. दिसायला ठणठणीत माणूस वर्षानुवर्षे विषाणू बाळगून असतो. म्हणून हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णापाशी घ्यायची, रिपोर्ट पाहून नव्हे.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत हे ज्ञान आणि आचरण प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत रूढ आहे. मात्र कागदावर बरोबर खूण करणारा हात वॉर्डात काय करतो, ते खाटेपाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. उजव्या हातात इंजेक्शन दिलेली सिरिंज, डाव्या हातात टोपण, पलीकडे सलाईन संपत आलेले आणि नातेवाईक हाका मारत असलेले. टोपण लावताना सुई घसरते ती डाव्या तर्जनीत. खरे तर टोपण लावायचेच नसते. सुई लगेच हब कटरमध्ये (सुई कापण्याच्या छोट्या यंत्रात) कापून न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. पिवळ्या किंवा लाल पिशवीत गेली तर ती उचलणाऱ्या सफाई कामगाराला टोचते.

वॉर्डात सगळ्यांना धास्ती एचआयव्हीची. बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार ६ ते ३० टक्के. ट्रेवर वाळलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू किमान ७ दिवस टिकतो.

टोचल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, बोट पिळायचे नाही आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरना सांगायचे. सगळ्यात मोठी चूक इथे घडते आणि तिचे कारण अज्ञान नसते. ओरडा बसेल, शेरा पडेल या भीतीने मुलगी बोट अ‍ॅप्रनच्या खिशात लपवते आणि ड्युटी पुरी करते. लस न घेतलेल्या मुलीला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत मिळायला हवे, सुई टोचल्यास फार तर ७ दिवसांत. लपवण्यात जातो तो नेमका हाच वेळ. म्हणून न रागावता ऐकून घेणारी सिस्टर ही प्रतिबंधाची पहिली गरज मानायला हवी.

भारतात बालकांच्या नियमित लसीकरणात ही लस २०११ पर्यंत देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेल्या मुलीने आपल्याला ती मिळालीच असे गृहीत धरू नये. जैव-वैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार हा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस देणे बंधनकारक आहे. विद्यार्थिनींना पहिल्या पोस्टिंगआधीच ती सुरू व्हावी. डोस तीन : आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात, इंजेक्शन दंडात, कुल्ल्यात नाही. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे दर मिलीलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके (mIU/ml) किंवा त्याहून अधिक भरली की संरक्षण मिळाले असे मानतात. पहिले दोन डोस वर्गासोबत होऊन जातात. सहाव्या महिन्यातला परीक्षा, सुट्टी, गावची जत्रा यांत सहज राहून जातो. तो हुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस लक्षात येईल त्या दिवशी घेता येतो.