गोएट्झ, हेर्मान

गोएट्झ, हेर्मान : (१७ जुलै १८९८ – ८ जुलै १९७६). जर्मन कलेतिहासकार, बडोदा संग्रहालयाचे संचालक व दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले प्रमुख. जन्म कार्ल्सरूए येथे. मोगल दरबारातील पोशाख हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या विषयाने त्यांच्या हाती लघुचित्रांचा काळ ठरविण्याचे साधन दिले. चित्रकाराचे नाव नाही, साल नाही, अशा चित्रातही अंगरखा, पटका आणि पगडीचा बांध असतोच. टोकदार घेराचा ‘चाकदार जामा’ अकबराच्या काळी रूढ होता, जहांगीरच्या काळात तो मागे पडला; एवढ्यावरूनही चित्राचा काळ बराच आवळता येतो. बर्लिनमधील जहांगीरकालीन चित्रसंग्रहावर त्यांनी एर्न्स्ट क्यूनेल यांच्यासह ग्रंथ लिहिला (१९२४).

नेदरलँड्समधील लायडनच्या केर्न या भारतविद्या संस्थेत काही वर्षे काम करून १९३६ मध्ये ते भारतात आले. अठराव्या शतकातील भारत म्हणजे नुसती पडझड, हा त्या वेळचा सर्वमान्य समज. राजकीय सत्ता खिळखिळी होत असतानाच कला आणि राहणीमान कमालीचे परिष्कृत होत गेले, असे त्यांनी मांडले. पेशवाईच्या अभ्यासकांनीही हे विवेचन वाचण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले.

बडोद्याचे संग्रहालय म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या चौफेर जिज्ञासेचा पसारा : युरोपीय तैलचित्रे, ईजिप्तची ममी, आणि गोएट्झ यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, मही नदीच्या मुखाशी आलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा. गोएट्झ यांनी संग्रहालयाची संशोधनपत्रिका चालविली. १९५१ मध्ये शहरालगत अकोटा येथे सापडलेले जैन कांस्यशिल्पांचे घबाडही या संग्रहालयातच आले; त्याचा मूलगामी अभ्यास उमाकांत शाह यांनी केला.

गोएट्झ यांची नजर जुन्यातच अडकली नव्हती, हे विशेष. मूळचे गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकण्यात आले होते. अशा विशीतल्या चित्रकाराचे ‘ब्ल्यू लेडी’ हे चित्र गोएट्झ यांनी बडोद्यासाठी विकत घेतले. संस्थानी संग्रहालयाच्या संचालकाने असे चित्र घेणे त्या काळी धाडसाचेच होते. सूझा ज्याचे एक संस्थापक होते, त्या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाची स्थापना अजून व्हायची होती आणि सूझांच्या चित्रांना बाजारही नव्हता.

२९ मार्च १९५४ रोजी दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा त्याची सूत्रे साहजिकच त्यांच्याकडे आली. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. बिकानेर संस्थानची कला व वास्तू (१९५०) आणि चंबा येथील प्राचीन लाकडी मंदिरे (१९५५) यांवरील त्यांचे ग्रंथ महत्त्वाचे मानले जातात. जर्मनीला परतल्यावर त्यांनी हायडलबर्ग विद्यापीठात अध्यापन केले. हायडलबर्ग येथेच त्यांचे निधन झाले.