उभारी मोजायची कशी?

समजा, मोठ्या भूकंपाला सहा महिने झालेत आणि चौदा वर्षांची एक मुलगी प्रश्नावली भरतेय. विधान साधं आहे: परिस्थिती बदलली तरी मी जुळवून घेऊ शकते. गेल्या महिन्याभरात हे आपल्याला कितपत लागू पडलं, ते शून्य ते चारमध्ये सांगायचं. ती पेन तोंडात धरून विचार करते आणि तीनवर खूण करते.

कॅथरीन कॉनर आणि जोनाथन डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये उभारी, म्हणजे संकटात टिकून राहण्याची किंवा सावरण्याची ताकद, मोजायला मांडलेल्या मापनश्रेणीत अशी 25 विधानं आहेत. कमाल गुण 100. ती मुळात प्रौढांसाठी तयार झाली, पण किशोरवयीन मुलांसाठीही सर्रास वापरली जाते. त्यातलं एक विधान मला फार गमतीचं वाटतं. कधीकधी दैव किंवा देव मदतीला येतो, अशा अर्थाचं. त्याला 'हो' म्हणणारं मूल खंबीर की हताश? श्रेणी त्याला गुण देते. पण श्रद्धा कुठे आधार होते आणि कुठे हातपाय गाळणं, हे त्या आकड्यातून कळत नाही. भाषांतर करताना तर असे शब्द हमखास पाय घसरवतात. चीनमधल्या प्रौढांवर ही श्रेणी तपासली तेव्हा मूळच्या पाच घटकांऐवजी, म्हणजे उत्तरांत सोबत जाणाऱ्या विधानांच्या पाच गटांऐवजी, तीनच हाती लागले.

त्याहून अवघड प्रश्न काळाचा. जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञानं 2004 मध्ये दोन वाटांमधला फरक ठासून मांडला. काही माणसं आघातानंतरही फारशी ढासळत नाहीत. काही ढासळतात आणि हळूहळू सावरतात. दोन वर्षांनी एकदाच मोजलं तर दोघं सारखीच दिसतील. म्हणून त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यातही काही कुटुंबं स्थलांतर करतात आणि नेमकी जास्त होरपळलेली मुलं यादीतून गळण्याची भीती असते. आपत्तीपूर्वीची नोंद तर बहुधा नसतेच. भूकंप काही कळवून येत नाही. शिवाय मूल याच वयात स्वतःहूनही बदलत असतं. बारा आणि पंधराच्या उत्तरांतला फरक भूकंपाचा किती आणि वयाचा किती, हे वेगळं काढायला आपत्ती न झेललेल्या मुलांचा गटही सोबत तपासावा लागतो.

आणि उभारी ही एकट्या मुलाच्या मनातली गोष्ट आहे, हे तरी कुणी ठरवलं? मायकेल उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या तरुण मुलांसोबत काम करून 28 विधानांची वेगळी श्रेणी बनवली. तिच्यात घरच्यांचा आधार, शाळा, आपल्या लोकांच्या चालीरीती असं सगळं येतं. भूक लागली तर पुरेसं खायला मिळतं का, हेही. आपली मुलगी इथे कदाचित या खाण्याच्या विधानापाशी अडेल. तिथे तिनं सर्वांत कमी गुणांवर खूण केली, तर त्यात तिच्या मनाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. छावणीत शिधा कधी पोचतो, ते आधी बघावं लागेल.