काय-वर्ग कसोटी: एकदा तरी कागदावर

प्रश्नावलीतली बरीच उत्तरं गटांत पडतात: हो की नाही, तरुण की प्रौढ. त्यांची सरासरी काढून भागत नाही, डोकी मोजावी लागतात. त्यासाठी हाताशी घ्यायची पहिली कसोटी म्हणजे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग (chi-square, χ²) कसोटी. सॉफ्टवेअर ती क्षणात करून देतं, पण आकडे चुकीचे भरले तरी तितक्याच तत्परतेनं उत्तर देतं. म्हणून आधी कागद घ्यावा.

समजा, २०० जणांना विचारलं, ‘गेल्या वर्षभरात एखाद्या सार्वजनिक सभेला गेलात का?’ ८० तरुणांपैकी ३२ गेले, ४८ गेले नाहीत. १२० प्रौढांपैकी ६८ गेले, ५२ गेले नाहीत. म्हणजे ४० टक्के आणि जवळपास ५७ टक्के. हा फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगानं पडला असेल का?

शून्य गृहीतक असं: वयाचा आणि सभेला जाण्याचा संबंध नाही. तसं असतं तर प्रत्येक चौकटीत किती जण हवे होते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण संख्या. तरुणांच्या दोन्ही चौकटींत ४० येतात, प्रौढांच्या दोन्हींत ६०. प्रत्यक्ष आकडा सगळीकडे ८ नं सरकलेला आहे. ८ चा वर्ग ६४, तो त्या त्या अपेक्षित आकड्यानं भागायचा: १.६, १.६, १.०७, १.०७. बेरीज ५.३३, हाच आपला काय-वर्ग.

आता स्वातंत्र्यमात्रा. बाजूच्या बेरजा ठरल्या की चारपैकी एकच चौकट मोकळेपणानं भरता येते, बाकीच्या तीन आपोआप ठरतात. म्हणून मात्रा १, आणि पाच टक्के पातळीवरची सीमा, म्हणजे संबंध नसताना शंभरातले साधारण पाचच नमुने जी ओलांडतील ती, ३.८४. आपलं ५.३३ तिच्या पुढं गेलं, तेव्हा शून्य गृहीतक नाकारायचं. इथं खुद्द पिअर्सनही चुकले होते. अशा तक्त्याला ते ३ मात्रा धरत, १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी ते दुरुस्त केलं. ३ मात्रांची सीमा ७.८१ आहे, त्या हिशेबानं आपला फरक दुर्लक्षितच राहिला असता.

नवशिक्यांची सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे चौकटीत माणसांऐवजी टक्के भरणं. इथंच एकूणाचे टक्के, म्हणजे १६, २४, ३४ आणि २६, भरून पाहा: उत्तर २.६७ येतं आणि निष्कर्ष उलटतो, कारण कसोटीला नमुना १०० जणांचा वाटतो. एकाच माणसाची आधीची आणि नंतरची उत्तरं वेगवेगळी माणसं समजून मोजली, तरी कसोटी कोसळते. तिथं मॅकनेमर कसोटी लागते. एखादा अपेक्षित आकडा ५ च्या खाली गेला, तर फिशरची अचूक कसोटी वापरावी.

५.३३ चं पी-मूल्य सुमारे ०.०२. याचा अर्थ ‘संबंध नसण्याची शक्यता दोन टक्के’ असा लावू नये. संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या साधारण दोन नमुन्यांत दिसेल, एवढंच ते सांगतं. संबंध किती घट्ट, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ५.३३ ला २०० नं भागून वर्गमूळ काढावं: ०.१६, हा क्रॅमरचा व्ही, शून्य ते एक या पट्टीवर संबंधाचा घट्टपणा सांगणारा आकडा, म्हणजे संबंध तसा सैलच. हेच प्रमाण २,००० जणांत मिळालं तर काय-वर्ग ५३.३ वर जातो, व्ही मात्र ०.१६ च राहतो. म्हणून अहवालात दोन्ही आकडे लिहावेत, आणि मूळ चार चौकटीही छापाव्यात.